परसबाग : भाजी, बी आणि औषध

घराच्या मागच्या किंवा बाजूच्या मोकळ्या जागेला मराठीत परस म्हणतात. त्या जागेत घरच्या चुलीसाठी राखलेली भाजीपाला, फळझाडे आणि औषधी वनस्पतींची बाग म्हणजे परसबाग. शेतातले पीक बाजाराकडे पाहून घेतले जाते, परसबाग ताटाकडे पाहून लावली जाते. म्हणून एकाच भाजीचा ढीग तिथे कामाचा नाही. रोज थोडे, पण वर्षभर आणि नाना तऱ्हेचे पिकावे, ही तिची रीत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात ही रीत आजही जिवंत आहे आणि तिथल्या परसांनी गावरान बियाण्याच्या जतनाचा धडा साऱ्या देशाला दिला आहे.

एका जिल्ह्यातले तीन प्रदेश

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्यात १४ तालुके आहेत आणि हवापाण्याच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन प्रदेश पडतात. पश्चिमेला अकोल्याचा सह्याद्रीचा पट्टा. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदरा इथेच आहेत. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो कोसळतो आणि उतारावरची तांबडी माती वाहून नेतो. मध्ये प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांचा पट्टा आहे. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे हा ऊसवाला भाग. काळी भारी माती, मुबलक पाणी आणि त्यामुळे काही ठिकाणी चोपण झालेल्या जमिनी, असे त्याचे रूप. पूर्वेला आणि दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेचा, मुरमाड आणि अवर्षणप्रवण मुलूख. इथे वर्षाचा पाऊस साधारण पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात असतो, आणि तोही बेभरवशाचा.

परसबागेची आखणी या फरकावर ठरते. अकोल्यात पावसाळ्यात मुळे कुजू नयेत म्हणून वाफे उंच करावे लागतात, वेल गादीवर किंवा आळ्याला मातीची भर देऊन लावावे लागतात. पाथर्डी-जामखेडकडे उलट करायचे. वाफा जमिनीपेक्षा चार बोटे खोल घेतला तर पडलेला थेंबन् थेंब मुळाशी जिरतो. चोपण जमिनीत मातीपेक्षा शेणखताचा आणि पालापाचोळ्याचा थर जाड ठेवून त्यातच रोप वाढवणे सोयीचे पडते.

कोंभाळण्याचे परस

अकोले तालुक्यातले कोंभाळणे हे महादेव कोळी समाजाच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचे गाव. १९६४ मध्ये जन्मलेल्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. बियाण्याचे ज्ञान त्यांना घरातून आणि शेतातून मिळाले. विकतचे संकरित बियाणे आणि त्यामागून आलेली खते-औषधे घरात शिरली, तशी लेकरे वरचेवर आजारी पडू लागली, हे त्यांनी नातवाच्या आजारपणात पाहिले. मग पूर्वीच्या भाज्यांचे बी कोणाच्या घरी शिल्लक आहे याचा त्या शोध घेऊ लागल्या. बहुतेक बी सापडले ते म्हाताऱ्या बायांच्या गाडग्यांत आणि गाठोड्यांत.

या कामाला बायफ या संस्थेची साथ मिळाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या उरुळीकांचन इथे तिची स्थापना केली. बायफच्या कार्यकर्त्यांबरोबर परिसरातल्या महिलांचे बचत गट उभे राहिले आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती आकाराला आली. वाल आणि घेवड्याचे निरनिराळे प्रकार, वांगी, भोपळे, दोडके, पालेभाज्या, नाचणी-वरई आणि भाताचे वाण असा संग्रह राहीबाईंच्या घरात जमला. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना बीजमाता म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. बीबीसीच्या २०१८ च्या जगातील शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले, त्याच वर्षासाठीचा नारी शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या सन्मानांमागची गोष्ट साधी आहे. बी जपायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. ते दरवर्षी मातीत जावे लागते आणि दरवर्षी परत यावे लागते. शीतगृहात ठेवलेले बी जिवंत राहते, पण परसात पेरलेले बी बदलत्या पावसाशी, किडीशी आणि मातीशी जुळवून घेत जाते. त्यासाठी एकर-दोन एकर लागत नाहीत. वालाचे चार वेल, वांग्याची दहा झाडे, भोपळ्याचे दोन वेल एवढ्यावर एक वाण टिकतो. म्हणून वाण टिकवण्याची पहिली जागा परसबागच असते.

जागेची मांडणी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे सांगितले आहे. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने दिवसाला दोन किलो भाजी लागते. एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर जागा नीट राखली तर या गरजेचा चांगला वाटा घरातूनच भागतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून हेच सांगितले होते : शेतीचे खरे भांडवल ऊन आहे. जमिनीवर पडणारे ऊन जितक्या हिरव्या पानांनी झेलले जाईल तितके अन्न तयार होते. त्यामुळे परसात मोकळी, उघडी माती दिसणे म्हणजे ऊन वाया जाणे.

मांडणी करताना उंचीचा विचार आधी करावा. शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू ही झाडे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेला लावावीत. दक्षिणेकडून येणारे ऊन त्यामुळे अडत नाही आणि उन्हाळ्यातल्या दुपारची तिरीप मात्र अडते. कुंपणावर तोंडली, कारले, वाल आणि आबई चढवावी. दोडका, घोसाळे, दुधी आणि पडवळासाठी मांडव घालावा आणि मांडवाच्या सावलीत हळद-आले लावावे, कारण या दोघांना अर्धवट सावली मानवते. मधल्या उघड्या भागात पालेभाज्या, वांगी, मिरची, टोमॅटो आणि भेंडीचे वाफे करावेत. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे आत पाय न देता दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि माती तुडवली जात नाही.

मोरीचे पाणी जिथे जाते तिथे केळ आणि अळू लावण्याची पद्धत जुनी आणि शहाणपणाची आहे. दोन्ही पिकांना ओल लागते आणि सांडपाणी साचून डास होत नाहीत. मात्र साबण आणि डिटर्जंटचे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर घालू नये. ते वाळू-गोट्यांच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे आणि केळीला द्यावे.

ज्यांना परस नाही त्यांना गच्ची आहे. नगर शहरातल्या सदनिकांत पालेभाज्यांना सहा इंच, वांगी-टोमॅटो-मिरचीला फूटभर आणि वेलांना दीड फूट खोलीची भांडी पुरतात. नुसती माती भरली तर भांडे जड होते आणि गच्चीवर भार येतो. ऊसपट्ट्यात पाचट आणि उसाचा चोथा सहज मिळतो. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग बारीक केलेले पाचट किंवा चोथा या मिश्रणात ओल टिकते आणि वजनही कमी राहते.

खत, पाणी आणि कीड

स्वयंपाकघरातला ओला कचरा, भाज्यांची देठे-साले, चहाचा चोथा आणि झाडांचा पाला यांचे खत परसातच होते. खड्ड्यात ओला कचरा आणि कोरडा पालापाचोळा यांचे आळीपाळीने थर द्यावेत. नुसत्या ओल्या थराला वास सुटतो, नुसता कोरडा कुजत नाही. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचे खत तयार होते.

पाण्याची ओढ असलेल्या भागात मटका सिंचन उपयोगी पडते. न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण रोगण न दिलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि झाकायचे. माती कोरडी झाली की मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते, ओली असली की थांबते. एका मडक्याभोवती दोन-तीन वेल वाढतात. त्यावर पाचटाचे आच्छादन घातले की उन्हाळ्यातही पाळी लांबते.

किडीसाठी आधी डोळे वापरावेत. सकाळी पानांच्या खालची बाजू पाहून अंडी आणि अळ्या हाताने वेचल्या तर निम्मे काम होते. मावा आणि तुडतुड्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, पाणी दहा लिटर करावे आणि त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवावा. कडुनिंबातले अझाडिरॅक्टीन किडीची भूक आणि कात टाकण्याची क्रिया दोन्ही बिघडवते. उन्हात ते लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. झेंडू, तुळस, कोथिंबिरीची फुले परसात असली की मधमाश्या आणि किडी खाणारे मित्रकीटक येतात, आणि वेलांना फळधारणा चांगली होते.

बी धरण्याची कला

परसबागेचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा भाग बियाण्याचा आहे. दुकानातल्या संकरित वाणाचे बी धरून पेरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत, कारण ते दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून झालेले असते. गावरान किंवा सुधारित सरळ वाणाचे बी मात्र वर्षानुवर्षे घरचे वापरता येते.

वाल, चवळी, टोमॅटो यांची फुले बहुतांश स्वतःच्याच परागाने फळतात. त्यांचे बी धरणे सोपे. भोपळा, दुधी, दोडका, काकडीत नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि मधमाशी शेजारच्या परसातला पराग आणून टाकते. लाल भोपळ्याचा वाण शुद्ध ठेवायचा असेल तर एक सोपी क्रिया करावी. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते : ती फुगलेली आणि टोकाशी पिवळसर असते. मादी कळीच्या खाली बोराएवढा छोटा भोपळा दिसतो, नर कळी नुसत्या लांब देठावर असते. दोन्हींची टोके दोऱ्याने सैलसर बांधून ठेवावीत. सकाळी लवकर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मादी फुलाचा दोरा सोडून मधल्या चिकट भागावर परागाचा दांडा हळूच फिरवावा आणि फूल पुन्हा बांधावे. देठाला रंगीत दोरा बांधला की हे फळ बियाण्यासाठी राखलेले आहे हे घरातल्या सगळ्यांना कळते. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांचे हे काम तिन्हीसांजेला करावे लागते.

बियाण्यासाठी सर्वांत पहिले किंवा सर्वांत शेवटचे फळ न धरता भरात असलेल्या निरोगी वेलाचे मधल्या बहराचे फळ राखावे. एकाच झाडावर न थांबता जमेल तितक्या झाडांचे बी एकत्र करावे, म्हणजे वाणातली विविधता टिकते. वाल-चवळीच्या शेंगा झाडावरच खडखडीत वाळू द्याव्यात. टोमॅटोचे बी गरासकट दोन दिवस आंबवून धुवावे, त्यामुळे बियांभोवतीचे चिकट आवरण सुटते. बी सावलीत वाळवावे. दाताखाली धरल्यावर ते दबले तर अजून ओल आहे, कट्ट वाजून फुटले तर साठवायला तयार.

साठवणीत राख ही मोठी युक्ती आहे. चाळलेली लाकडाची राख बियांत मिसळली की ती ओल शोषते, भुंग्याच्या अंगावरचे मेणचट आवरण तिच्या कणांनी घासले जाते आणि कीड कोरडी पडून मरते. शेण-मातीने सारवलेली मडकी, वाळके पोकळ भोपळे, चुलीच्या धुराच्या वाटेवर आढ्याला टांगलेली कणसे ही अकोल्यासारख्या भागातली जुनी साठवणसाधने याच तत्त्वावर चालतात : ओल नको, कीड नको, ऊन नको. प्रत्येक मडक्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. पंधरा-सोळा उगवल्या तर बी चांगले, दहाच उगवल्या तर दाट पेरावे.

ताटातले मोल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिला रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. भाजीपाल्याने एकट्याने हा प्रश्न सुटत नाही, पण परसातली हिरवी पाने त्यात मोठी मदत करतात. शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ, चाकवत, अंबाडी, मेथी यांतून लोह, कॅल्शियम, फोलेट आणि अ जीवनसत्त्वाचा पूर्वअंश असलेले कॅरोटिन मिळते. शेवग्याच्या एका झाडाचा पाला वर्षभर पुरतो, तरी पुष्कळ घरांत केवळ शेंगाच खाल्ल्या जातात.

शिजवण्याच्या रीतीने हे मोल वाढते किंवा घटते. वनस्पतींतले लोह शरीरात कमी शोषले जाते, पण सोबत लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असेल तर शोषण वाढते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते घटते. कॅरोटिन तेलात विरघळते, म्हणून पालेभाजीला फोडणी हवीच. भाजी आधी धुऊन मग चिरावी आणि उकळलेले पाणी टाकून देऊ नये.

काही भाज्यांना जुन्या रीतींनी आवर घातला आहे आणि त्यामागे शास्त्र आहे. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळू चिंच किंवा आमसूल घालून चांगला शिजवतात. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवतात, कारण कच्च्या वालातले काही घटक पचनाला आणि प्रकृतीला घातक असतात. दुधी चिरण्याआधी त्याचा लहान तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर सगळा फेकून द्यावा. त्यातले कुकरबिटासिन विषारी असते आणि कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत.

औषधी कोपरा

तुळस, अडुळसा, गवती चहा, पुदिना, पानओवा, कोरफड, हळद, आले आणि ओवा एवढी झाडे चार बाय चार फुटांच्या कोपऱ्यात आणि दोन-चार कुंड्यांत बसतात. किरकोळ कुरबुरींना ती पुरेशी ठरतात. सर्दीत आले-तुळस-गवती चहाचा काढा घशाला शेक देतो. पोटात गॅस धरला तर ओवा चघळला जातो. किरकोळ भाजल्यावर आधी गार पाणी आणि मग कोरफडीचा पारदर्शक गर लावतात. पान कापल्यावर सालीलगत येणारा पिवळा चीक मात्र निथळू द्यावा. तो पोटात गेला तर जोराचे जुलाब होतात. अडुळशातल्या व्हॅसिसीन या घटकावरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले, इतकी त्याची ख्याती खरी आहे. पण अडुळसा गर्भाशयावरही परिणाम करतो, म्हणून गरोदर स्त्रीने तो घेऊ नये.

घरचे म्हणून निर्धोक, हा समज सोडला पाहिजे. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी असा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पती नीट ओळखणे, मात्रा मर्यादित ठेवणे आणि फार दिवस न घेणे हे तीन नियम पाळावेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कारल्याचा रस मोठ्या प्रमाणात घेतला तर साखर धोकादायकपणे उतरू शकते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी राजगिरा, पालक, अळू बेताने खावे. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, श्वास लागला किंवा लहान मूल मलूल पडले तर काढ्यावर न थांबता दवाखाना गाठावा. परसबाग आजार लांब ठेवायला आहे, डॉक्टरची जागा घ्यायला नाही.

वर्षाचे चक्र

परसबागेचे वर्ष मृगाच्या आधी सुरू होते. मे महिन्यात आळी खणून शेणखत भरावे, मांडवाचे खांब पक्के करावेत आणि मडक्यातले बी काढून उगवण तपासावी. पहिल्या पावसावर वेल, भेंडी, गवार, हळद-आले आणि अळू लागतो. पावसाळ्यात बाजारातल्या भाज्या महागतात, तेव्हा सह्याद्रीच्या उतारावर कुर्डू, टाकळा, भारंगी, चाई या रानभाज्या आपोआप उगवतात. परसाला त्यांची जोड मिळते. गणपतीनंतर वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे वाफ्यांत येतात. दसऱ्यापासून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, चाकवत, वाटाणा यांचा हंगाम. यातल्या पालेभाज्या एकदम न पेरता दर पंधरा-वीस दिवसांनी थोड्या थोड्या पेराव्यात, म्हणजे एकाच आठवड्यात ढीग आणि मग महिनाभर रिकामा वाफा असे होत नाही. वालाच्या शेंगा थंडीत भरतात. उन्हाळ्यात पाणी असेल तिथे काकडी, चवळी, राजगिरा आणि माठ तग धरतात. पाणी नसेल तिथे शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू परस हिरवे ठेवतात.

एका जागी तेच पीक पुन्हा पुन्हा घेऊ नये. वांगी-टोमॅटोच्या मागे वाल-चवळी, त्यामागे पालेभाजी असा फेर ठेवला तर जमिनीतले रोग साठत नाहीत आणि शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतून मातीला नत्र मिळते.

माघ-फाल्गुनात वेल पिवळे पडतात. दोरा बांधलेली फळे आणि वाळलेल्या शेंगा तेव्हा घरात येतात. खाण्याचे वेगळे काढून पेरायचे वेगळे ठेवले जाते, राख चाळली जाते, मडकी सारवली जातात. थोडे बी शेजारी दिले जाते, कारण आपल्या परसातला वेल एखाद्या वर्षी पावसाने झोडपला तर तोच वाण शेजारच्या मांडवावरून परत मागून आणता येतो.